गळका ब्रेक कॅलिपर: जुन्या एमजीबीवर घरच्या घरी काम

शनिवारी सकाळी गाडी गॅरेजमधून बाहेर काढली, तर पुढचं डावं चाक जिथे होतं तिथे फरशीवर तळहाताएवढा ओला डाग. जुनी इंग्लिश गाडी आणि खाली डाग नाही असं सहसा होत नाही. माझी १९७१ची एमजीबी जीटी इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या आमच्या गॅरेजच्या फरशीवर रोज सही करते, पण ती सही इंजिनाखाली असते. ही चाकाखाली होती. बोट लावून पाहिलं. पातळ, फिकट पिवळं, जरा बुळबुळीत. वर पाण्याचे दोन थेंब सोडले आणि ते त्यात मिसळून दिसेनासे झाले. मग शंका उरली नाही. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, इंजिन ऑइल मिसळत नाही.

एमजी म्हटलं की हल्ली पुण्या-नाशकात लोकांना हेक्टर आठवते. एमजीबी वेगळी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती बनली, पाच लाखांहून जास्त. म्हणून आजही तिचा बारीकसारीक वायसरसुद्धा नवा मिळतो. पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचे कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे, लॉकहीड कंपनीचे, दोन अर्धुकं बोल्टने जोडलेले, डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पिस्टन. साठ-सत्तरच्या दशकातल्या कितीतरी गाड्यांचे कॅलिपर याच घडणीचे आहेत, त्यामुळे पुढची पद्धत त्यांनाही चालेल. आकडे मात्र आपापल्या मॅन्युअलमधलेच घ्या. पुढे डिस्क असलेल्या जुन्या मारुती ८००मध्ये कॅलिपर सरकता आणि पिस्टन एकच असतो, पण गळायची कारणं तीच.

माझ्या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट आहे. म्हणजे एका चाकाशी सगळं ऑइल गेलं की चारही चाकांचे ब्रेक गेले, हातब्रेक तेवढा उरला. शिवाय ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८पासून वर्षाच्या एमओटी तपासणीतून सूट आहे. सूट चांगली वाटते, पण त्याचा अर्थ असा की वर्षातून एकदा तरी चाकामागे डोकावणारा परका माणूस आता उरलेला नाही. डाग दिसला की गाडी तिथेच उभी करा. "कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो" हा विचार मनातही आणू नका.

गळतं ते नक्की कुठून

कॅलिपर उघडण्याआधी गळती कॅलिपरचीच आहे ना, हे बघा. चाक काढून वरून खाली पुसत या. ऑइल खाली ओघळतं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा ही खरी जागा. होजचा (ऑइल आणणाऱ्या रबरी नळीचा) सांधा, तांब्याचा वायसर, हवा काढायचं निप्पल, दोन अर्धुकांमधला जोड आणि शेवटी पिस्टनभोवतीची कड, या क्रमाने. सांधा किंवा निप्पल पाझरत असेल तर काम दहा मिनिटांचं आहे, पुढचं वाचायची गरज नाही. पॅडची मागची बाजू ओली आणि धुळीच्या रबराखालून (पिस्टनभोवतीचं, धूळ आत जाऊ न देणारं रबर) काळपट चिखल बाहेर आलेला दिसला, तर पिस्टनचं सील गेलं. या गाडीचा क्लचही हायड्रॉलिक आहे आणि त्यात तेच ऑइल असतं, त्यामुळे डाग गाडीच्या मध्यावर असेल तर क्लचकडे बघा.

एक लक्षण चकवतं. ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे ओढते, म्हणून लोक उजवं चाक उघडतात. पण ऑइलने माखलेले पॅड नीट पकडत नाहीत, त्यामुळे गाडी धड असलेल्या चाकाकडे ओढली जाते. माझी गाडी आठवडाभर उजवीकडे ओढत होती आणि मी टायरची हवा तपासत बसलो होतो. दोष डावीकडे होता.

आता सील काम कसं करतं ते समजून घ्या, कारण दुरुस्ती करायची की बदलायचं हे त्यावरच ठरतं. कॅलिपरच्या पोटात एक खोबण असते. तिच्यात चौकोनी कापाची रबरी कडी बसते आणि तिच्या मधून पिस्टन सरकतो. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जाताना रबराची आतली कड स्वतःबरोबर ओढतो, रबर किंचित पिळलं जातं. पाय काढला की ते सुळकन मूळ आकारात येतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. पॅड सुटतात ते एवढ्यावर. कुठलीही स्प्रिंग नाही. पॅड झिजले की पिस्टन कडीतून थोडा पुढे घसरतो आणि तिथून नवा हिशोब सुरू.

म्हणजे सील दाबून बसतं ते पिस्टनच्या अंगावर. ड्रम ब्रेकच्या व्हील सिलिंडरमध्ये उलटं असतं: तिथे रबरी बकेट (वाटीसारखं सील) पिस्टनबरोबर सरकते आणि सिलिंडरच्या भिंतीवर घासते, म्हणून पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडरच्या व्हील सिलिंडरच्या आत खड्डे पडले की सिलिंडरच फेकायचा. कॅलिपरमध्ये आतली भिंत थोडी खराब असली तरी चालून जातं. पिस्टनला मात्र टाचणीच्या टोकाएवढा खड्डा चालत नाही. जुन्या पिस्टनवर क्रोमचा मुलामा असतो. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं, आणि गाडी हिवाळाभर उभी राहिली की गंज क्रोमखाली शिरून फोड आणतो. बाहेरून धुळीचं रबर फाटलेलं असेल, तर इथल्या रस्त्यांवरचं हिवाळ्यातलं मीठ उरलेलं काम करतं.

"पॅड बदलले आणि दुसऱ्याच दिवशी गळायला लागलं" ही तक्रारही यातूनच येते. पॅड झिजलेले असताना पिस्टन बराच बाहेर असतो आणि त्याचा बाहेरचा भाग गंजत राहतो. नवे जाड पॅड बसवायला तो मागे रेटला की गंजलेला पट्टा नेमका सीलवर येऊन बसतो. दोष नव्या पॅडचा नाही, आपण गंज आत ढकलला.

दुरुस्ती, बदली की नवा

किट आणून फक्त रबरं बदलणं सगळ्यात स्वस्त, आणि बहुतेक वेळा सगळी मेहनत वाया. जुन्या खड्डेवाल्या पिस्टनवर नवं सील म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा हेच. मी सरळ स्टेनलेस स्टीलचे पिस्टन आणि सील असा पूर्ण संच मागवतो. या गाडीसाठी तो सहज मिळतो.

दुसरा मार्ग जुना कॅलिपर देऊन दुरुस्त केलेला घ्यायचा. वेळ वाचतो, पण आत कोणी काय केलंय ते दिसत नाही. एका दुकानातून मी असा एक घेतला होता. रंग चकाचक, आणि निप्पलच्या आट्यांत रंग भरून ते जाम झालेलं. असा कॅलिपर आला की बसवण्याआधी निप्पल सुटतंय का आणि होजच्या भोकातल्या आट्या स्वच्छ आहेत का, एवढं तरी बघा. सीलची खोबणच गंजून खडबडीत झाली असेल, आट्या खराब असतील किंवा निप्पल आत तुटलं असेल, तर भावनिक होऊ नका, नवा घ्या. काहीही केलं तरी दोन्ही बाजूंना सारखंच करा. एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला पन्नास वर्षांचं ठेवलं की गाडी पुन्हा ओढणार.

कॅलिपर काढताना

गाडी सपाट फरशीवर, मागच्या चाकांना ठोकळे, हातब्रेक ओढलेला. तारांची चाकं असतील तर मधला नट चाक जमिनीवर असतानाच तांब्याच्या हातोडीने एक-दोन ठोके मारून सैल करा. उजव्या बाजूच्या नटाच्या आट्या उलट्या असतात, म्हणून नटावरचा बाण वाचूनच ठोका घाला. मग जॅक, मग स्टँड. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एवढी एक गोष्ट मला नाशकात सातपूरच्या एका मिस्त्रींनी कान पकडून शिकवली होती.

धूळ फुंकू नका आणि कॉम्प्रेसरने उडवू नका. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९मध्ये आली, त्यामुळे जुन्या गाडीत कोणत्या काळातले पॅड आहेत याचा भरवसा नसतो. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. जुन्या बाजारात मिळणारे "खोकं न फोडलेले अस्सल" पॅडही याच कारणासाठी घेऊ नयेत.

पानं इंचातली लागतात. माझ्या निप्पलला ७/१६ लागतो, म्हणजे ११.१ मिलिमीटर. ११चा बसत नाही, १२चा बसतो आणि कोपरे घासून ठेवतो. निप्पल आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा आणि कॅलिपर गाडीवर घट्ट असतानाच सैल करून बघा. टेबलावर ते सोडवणं फार कठीण जातं.

आता पॅड काढा: दुभंगलेल्या पिना सरळ करून ओढायच्या, स्प्रिंग-पट्ट्या निघतात, पॅड पक्कडीने बाहेर. पिस्टनच्या तोंडाला एका बाजूला खाच असते. तिची दिशा फोनवर टिपून ठेवा, बसवताना तशीच हवी.

पिस्टन बाहेर काढण्यासाठी कॉम्प्रेसरपेक्षा चांगलं यंत्र गाडीतच आहे, ते म्हणजे ब्रेकचं पेडल. म्हणून होज सोडायची घाई करू नका. कॅलिपर स्टब ॲक्सलला (पुढचं चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याला) धरणारे दोन बोल्ट काढा (त्यांच्या पत्र्याच्या कुलपी वायसरचे कान आधी वळवावे लागतात), कॅलिपर डिस्कवरून उतरवून तारेने टांगा. होजवर त्याचं वजन येऊ देऊ नका. दोन पिस्टनच्या मध्ये साधारण आठ-दहा मिलिमीटरचा प्लायवुडचा तुकडा धरा आणि कोणाला तरी पेडल हळूहळू दाबायला सांगा. एक पिस्टन पळत सुटला तर त्याला क्लॅम्पने थोपवून दुसऱ्याला येऊ द्या. दोन्ही लाकडाला टेकले की थांबा. उरलेले हाताने हलवत निघतात. मध्ये बोटं घालायची नाहीत. हवेच्या दाबाने उडालेला पिस्टन बोट मोडतो, आणि कॉम्प्रेसर वापरायचाच असेल तर लाकूड आणि जाड फडकं दोन्ही हवंच.

यानंतर होज. आधी चासीच्या कंसापाशी लोखंडी पाइपचा नट सोडा, मग होजचा लॉकनट, आणि मग होज कॅलिपरमधून फिरवून काढा. उलट्या क्रमाने गेलात तर होज पिळला जातो. पाइपच्या नटाला साधा दुतोंडी पाना लावू नका. एका बाजूला फट असलेला, नटाला चहूबाजूंनी धरणारा रिंग पाना मिळतो, तोच घ्या. पाइपच्या तोंडाला रबरी टोपी लावा. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग सुरकुतून निघतो.

होज दहा वर्षांवरचा असेल तर तोही बदला. आतून सुजलेला होज ऑइल आत सोडतो पण मागे येऊ देत नाही आणि ब्रेक चिकटून राहतो. बिचाऱ्या कॅलिपरवर नाहक आळ येतो.

टेबलावर

दोन अर्धुकं वेगळी करायची का, यावर जुने मालक तास-तास भांडू शकतात. माझं मत साधं आहे: जोडातून गळत नसेल तर हात लावू नका. मध्ये ऑइलच्या वाटेवर एक बारीक सील असतं, आणि बोल्ट नेमक्या ताणाने, ३५ ते ३७ पाउंड-फुटांनी, आवळावे लागतात. वेगळी केलीच तर ते सील नवंच.

धुळीच्या रबराभोवतीची पत्र्याची कडी चपट्या पेचकसाने उचकटून काढा. ती वाकणारच, नवी संचात असते. आतलं सील लाकडी टूथपिकने उचला. लोखंडी टोचा वापरला की खोबणीला ओरखडा, आणि ओरखड्यातून गळती. खोबण मी बांबूच्या काडीला फडकं गुंडाळून साफ करतो. वीस मिनिटं लागतात आणि त्यातली पंधरा खोबणीच्या मागच्या कोपऱ्यांत जातात. तिथे गंजाची पापडी राहिली तर ती नव्या सीलला मागून रेटते, सील पिस्टनला घट्ट आवळतं आणि ब्रेक सुटत नाही. नख फिरवा. नख अडलं तर अजून साफ व्हायचंय.

धुण्यासाठी काय वापरायचं हे महत्त्वाचं. आपल्याकडे गॅरेजात पेट्रोल, रॉकेल, डिझेल जे हाताशी असेल त्यात सगळं धुतात. ब्रेकच्या रबराला ते विष आहे. रबर फुगून मऊ पडतं. इथे जांभळं मेथिलेटेड स्पिरिट मिळतं, भारतात आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, नाहीतर स्वच्छ ब्रेक ऑइलनेच धुवा. आपण त्याला "ऑइल" म्हणतो तिथेच घोटाळा होतो. ते खनिज तेल नाहीच. कोणी भलेपणाने टाकीत शंभर मिलिलिटर इंजिन ऑइल ओतलं, तर पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून मागच्या चाकापर्यंतचं प्रत्येक रबर बदलावं लागतं.

आता जोडणी. सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बोटांनी खोबणीत बसवा, कुठे पीळ तर नाही ना ते बोट फिरवून बघा. पिस्टनला ऑइल लावा, निप्पल सैल ठेवा म्हणजे आतली हवा अडणार नाही. पिस्टन अगदी सरळ ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबा. सीलपाशी क्षणभर अडतो, मग लोण्यात सुरी जावी तसा जातो. तिरका झाला तर ठोकू नका, काढून पुन्हा सुरू करा. साधारण आठ मिलिमीटर बाहेर ठेवा, धुळीचं रबर आणि त्याची कडी वरून सरकवा. कडी चारही बाजूंनी सारखी दाबली जावी म्हणून वर सपाट पट्टी ठेवून क्लॅम्प हळूहळू आवळा. या कामातली सगळ्यात चिडचिडीची पायरी हीच. माझ्या पहिल्या दोन कड्या चेपल्या, म्हणून आता मी एक जास्तीचा संच मागवतो. मग पिस्टन पूर्ण आत. धुळीच्या रबराखाली ब्रेकच्या रबरासाठीचं लाल ग्रीस लावलं तर उत्तम. साधं ग्रीस नाही.

गाडीवर परत

डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. ऑइल प्यायलेले पॅड भाजून किंवा घासून वाचवण्याचे उपाय लोक सांगतात. ऐकू नका, नवे घ्या. कॅलिपरचे बोल्ट ४० ते ४५ पाउंड-फूट, म्हणजे साडेपाच ते सव्वासहा किलोग्रॅम-मीटर ताणाने आवळा. कुलपी वायसर नवे, आणि कान वळवायला विसरू नका. होजला नवा तांब्याचा वायसर. होज बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तो कुठे घासत नाही ना ते बघा.

आणि निप्पल वर आहे ना? हे वाचून हसू येईल, पण पहिल्या वेळी मी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला. बोल्ट बिनतक्रार बसतात. फक्त निप्पल खाली जातं, हवा वर अडकते, आणि तुम्ही दोन लिटर ऑइल ओतलं तरी पेडल स्पंजसारखंच राहतं.

हवा काढणं

ताजं, सीलबंद डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल घ्या. त्याचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो आणि पाणी शोषल्यावर १५५पर्यंत उतरू शकतो. घाटात उतरताना पेडल एकाएकी पोकळ होतं ते यामुळे. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. डॉट ५ सिलिकोनचं आहे, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र नावाने फसवतं, ते डॉट ४च्याच जातीचं.

मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात दूरच्या चाकापासून सुरुवात करून जवळ यायचं. निप्पलवर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. आमच्याकडे पेडलवर मुलगी असते. "दाब." "दाबलं बाबा." मी निप्पल अर्धा आटा उघडतो, बुडबुडे येतात, निप्पल बंद. "सोड." निप्पल बंद झाल्याशिवाय "सोड" म्हणायचं नाही, नाहीतर हवा परत आत. दर पाच-सहा वेळांनी टाकीत ऑइल भरा. टाकी कोरडी पडली की सगळं पहिल्यापासून.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे ते फरशीपर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरचा रोज न वापरला जाणारा भाग खरखरीत झालेला असतो. त्याच्यावरून रबर घासलं की कॅलिपर दुरुस्त होतो आणि पाठोपाठ मास्टर सिलिंडर गळू लागतो. मी हे एका मित्राच्या गाडीवर करून दाखवलं आहे. तो अजून बोलतो माझ्याशी, पण गाडीबद्दल नाही.

रस्त्यावर नेण्याआधी

इंजिन बंद ठेवून पेडल चांगलं जोर लावून मिनिटभर धरून ठेवा. ते हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळतंय. सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसा, कागद डागतो का पाहा. चाक लावा, हाताने फिरवून बघा, पॅडचा हलका आवाज चालतो, जाम नको. पहिली फेरी गल्लीतल्या गल्लीत, चालण्याच्या वेगाने. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० मैलांवरून १०पर्यंत हळुवार ब्रेक, दहा-बारा वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ देत, म्हणजे पॅड डिस्कवर बसतात. परत आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघा, स्पर्श न करता. एक जास्त तापलेलं असेल तर त्याचा पिस्टन मागे येत नाहीये. तारांच्या चाकाचे मधले नट पुन्हा एकदा ठोका.

रात्री गाडी आत घेतली आणि चारही चाकांखाली आणि पुढच्या भागाखाली जुनं वर्तमानपत्र पसरलं. सकाळी चहाचा कप घेऊन खाली गेलो. चाकांखालचे कागद कोरडे. मधल्या कागदावर नाण्याएवढा एक डाग. चमच्याने पाण्याचा थेंब सोडला. थेंब मोत्यासारखा गोल होऊन डागावर बसून राहिला.